कामणला धावते, गासला थांबते

माझ्या ओट्यावर संध्याकाळी शिकायला येणारी मुलं अजून विचारतात, "टीचर, त्या लाल गाडीच्या बाबतीत चूक कोणाची होती?" आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं, मुलांच्या कसल्या कसल्या प्रश्नांना उत्तरं दिली, पण ह्या एका प्रश्नाला मला सरळ उत्तर देता येत नाही. म्हणून मी त्यांना झालं ते पहिल्यापासून सांगते आणि म्हणते, तुम्हीच ठरवा.

गाडी फेबियनची. फेबियन हा आमच्या शेजारच्या प्लासिडभाऊंचा मुलगा. आमच्या गास गावात ही दोन्ही घरं एकाच कुंपणाला लागून आहेत. पलीकडे त्यांची वाडी, केळी, मोगरा, थोडी भाजी, आणि विहिरीवर पंप. फेबियन अंधेरीला नोकरी करतो. लहानपणापासून त्याला गाड्यांचं वेड. गेल्या वर्षी त्याने पुण्याच्या एका माणसाकडून जुनी परदेशी गाडी घेतली. लाल रंगाची, दोनच माणसांची, छत मागे घडी होणारी. फादरांनी येऊन तिच्यावर पवित्र पाणी शिंपडलं, फेबियनच्या आईने, कार्मिनने, बॉनेटवर मोगऱ्याची माळ ठेवली, आणि अख्खी आळी तिला बघून गेली.

ह्या गाडीची एक गंमत मुलांना आधी समजावून द्यावी लागते. इंजिनाला जळायला पेट्रोल लागतं, तशी हवाही लागते. साधं इंजिन आपल्या दमाने जेवढी हवा ओढेल तेवढी ओढतं. ह्या गाडीत मात्र इंजिनात हवा दाबून भरणारा एक पंप आहे. लोहाराचा भाता विस्तवात वारा घालतो ना, तसा. त्याला सुपरचार्जर म्हणतात, पण मी मुलांना भाताच म्हणून सांगते. हा भाता इंजिनाच्या चाकावरून एका रबरी पट्ट्याने फिरतो. पट्टा आहे तोवर भाता, आणि भाता आहे तोवर गाडीचा जोर. पट्टा उडाला तर गाडी चालते, पण म्हाताऱ्या बैलासारखी.

गाडी आल्यावर थोड्याच दिवसांत भात्यातून घरघर यायला लागली. फेबियनने ती हायवेवरच्या एका काचेच्या दारांच्या गॅरेजमध्ये दिली. त्यांनी भाता उतरवला, पुन्हा बसवला, गाडी धुऊन, सुगंधी फवारा मारून परत दिली. घरघर गेली होती, पण गाडीचा दमही गेला होता. चढावर ती फुसफुसायची आणि अंगणात तेलाचे ठिपके टाकायची. फेबियन तीनदा भांडून आला. ते म्हणाले, जुनी गाडी आहे, असं होणारच.

मग त्याला जितेश आठवला.

जितेश आणि फेबियन माझ्या वर्गात एका बाकावर बसायचे. जितेशचे आईवडील देशावरून आलेले, घर एव्हरशाईन सिटीत, पण शाळा सुटली की पोरगा गासला प्लासिडभाऊंच्या विहिरीवर. हाताने कामसू आणि स्वभावाने हळवा. वर्गात गणित चुकलं तर अख्खं पान फाडायचा. मुंबईत मोठमोठ्या वर्कशॉपांत त्याने कामं केली आणि नुकतंच कामणला, गोदामांच्या रांगेत, स्वतःचं गॅरेज उघडलं होतं. एक शटर, पत्र्याची शेड आणि वर पाटी.

गाडी उघडली त्या दिवशी फेबियन मलाही घेऊन गेला होता. जितेशने बॉनेटखाली बॅटरीचा उजेड मारला आणि हसायलाच लागला.

"टीचर, हे बघा. नळीची क्लिप बसवलीय, पण आवळलेलीच नाही. हवा सगळी बाहेर. हा बोल्ट लांब, हा आखूड, आणि इथला तर गायबच. आणि हे काय?" त्याने हवेच्या नळीतून एक काळं फडकं ओढून काढलं, जादूगार रुमाल काढतो तसं. "ह्या लोकांच्या हातात पाना दिला कोणी?"

"सुगंधी फवारा छान मारतात पण," फेबियन म्हणाला.

दोघं पोरांसारखे हसले. मलाही बरं वाटलं. आपल्या हाताखालचं मूल दुसऱ्याची चूक ओळखू लागलं की शिक्षकाला उगाचच आपण काहीतरी केल्यासारखं वाटतं.

जितेशने सगळं नीट केलं. फेबियनला तेवढ्यावर थांबायचं नव्हतं. त्याला गाडी आणखी जोरदार हवी होती. मग जितेशने भात्याचं चाक बदलून लहान बसवलं. मोठं चाक जेवढ्या वेळात एकदा फिरतं तेवढ्या वेळात लहान चाक एकाहून जास्त वेळा फिरतं, म्हणजे भाता जोरात चालतो. दाबलेली हवा तापते, म्हणून ती थंड करणारी जाळीही मोठी टाकली. नवा पट्टा घातला. आणि गाडी जी निघाली! फेबियनने मला भुईगावपर्यंत फिरवून आणलं. त्याने पाय दाबला आणि मी सीटच्या पाठीत रुतले. घाबरून मी अर्धी प्रार्थना म्हटली, उरलेली परत येताना.

"जितेशने जीव ओतलाय, टीचर," फेबियन म्हणाला. "आता आमच्या ग्रुपमधल्या सगळ्यांच्या गाड्या त्याच्याकडेच पाठवणार."

त्याच आठवड्यात सोपाऱ्याच्या रस्त्यावर पट्टा उडाला.

गाडी रडतखडत कामणला गेली. जितेशने पट्टा पाहिला. आतल्या खाचा काळ्या चिकट लगद्याने भरलेल्या. "रबर वितळलंय. माल डुप्लिकेट असणार," तो म्हणाला. दुसऱ्या कंपनीचा पट्टा टाकला. गाडी कामणच्या रस्त्यावर चालवून पाहिली. उत्तम. फेबियनने गासला आणली. काही दिवसांत पुन्हा तेच. पुन्हा कामण, पुन्हा नवा पट्टा, पुन्हा उत्तम. गासला आली की पुन्हा काळा लगदा आणि पट्टा बाहेर.

मला काही कळेना. जितेशलाही कळेना. ज्याला काही कळत नाही तो आधी स्वतःवर संशय घेतो किंवा दुसऱ्यावर. जितेशने पहिला मार्ग धरला, फेबियनने दुसरा.

एका रविवारी चर्चमधली मिस्सा सुटल्यावर प्लासिडभाऊंच्या ओट्यावर आम्ही सगळे जमलो होतो. जितेश अंगणात गाडीशी वाकून पट्टा काढत होता. फेबियन त्याच्या डोक्यावर उभा.

"चौथा पट्टा आहे हा," फेबियन म्हणाला.

"माहितीये."

"तूच म्हणाला होतास ना, ह्या लोकांच्या हातात पाना दिला कोणी?"

जितेशचा हात थांबला. कार्मिन आतून म्हणाली, "फेबियन, तोंड आवर." प्लासिडभाऊ शहाळी सोलत होते. त्यांनी कोयता खाली ठेवला.

"अरे, पोरगा एवढ्या लांबून येतो तुझ्यासाठी. आनि पट्टा म्हनजे काय, त्याला सांभाळावं लागतं. आपल्या पंपाच्या पट्ट्याला मी..."

"पप्पा, प्लीज. तो विहिरीवरचा पंप नाहीये."

प्लासिडभाऊंनी सगळ्यात मोठं शहाळं जितेशच्या पुढे ठेवलं.

जाताना जितेश माझ्या फाटकाशी थांबला. "टीचर, एक सांगू? मला गोदामात सुपरवायझरची नोकरी चालून आलीय. तिथले साहेब रोज विचारतात. मी म्हणत होतो, माझं गॅरेज आहे. पण आता मला माझ्याच हाताचा भरवसा वाटत नाही. काल एका माणसाच्या साध्या गाडीचं चाक लावलं आणि तीन वेळा परत जाऊन बोल्ट तपासले. असा मेकॅनिक असतो का? ही गाडी पुन्हा अशीच आली तर मी शटर खाली ओढणार."

मी त्याला म्हटलं, "पान फाडायची घाई करू नकोस." तो हसला, पण ते हसू काही खरं नव्हतं.

त्या रात्री मला एकच विचार. वर्गात मी मुलांना दोन डब्यांत वाल पेरायला लावते. एक डबा उन्हात, एक कपाटात. माती तीच, पाणी तेवढंच. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, म्हणजे फरक कशामुळे पडला ते कळतं. मग गाडीचं तसं का करू नये? कामणला धावते, गासला थांबते. ह्या दोन जागांमध्ये फरक कशाकशाचा? चालवणारा माणूस वेगळा, रस्ता वेगळा, पेट्रोलपंप वेगळा, आणि रात्री उभी राहायची जागा वेगळी.

मी दोघांना बोलावलं आणि सांगितलं, "आधी गाडी कामणलाच ठेवा. पण चालवायची फेबियनने. ऑफिस सुटल्यावर जा आणि तुझ्या नेहमीच्या सवयीने, इकडच्याच रस्त्यांवर चालव, रात्री मात्र परत कामणला."

"टीचर, मी रोज कामणला जाऊ?"

"वेड तुझं आहे ना गाडीचं?"

तो गेला. कुरकुरत गेला, पण रोज गेला. पट्ट्याला काही झालं नाही. म्हणजे फेबियनच्या चालवण्यात दोष नव्हता आणि रस्त्यांतही नव्हता. मी जितेशला म्हटलं, "आता उलट. गाडी गासला ठेवा, फेबियनने हात लावायचा नाही. रोज सकाळी येऊन तू चालव." तोही एव्हरशाईनहून मोटारसायकलवर सकाळी यायचा, गाडी काढायचा, गिरीजपर्यंत जाऊन यायचा, आणि मग कामणला कामावर. पेट्रोलसुद्धा कामणच्याच पंपावरून कॅनमधून आणायचा. मी म्हटलं होतं ना, एकच गोष्ट.

मुलांना ह्याची फार मजा वाटायची. ओट्यावर पाढे म्हणताना गाडीचा आवाज आला की सगळी कुंपणाशी. "टीचर, आज पण नाही तुटला!"

आणि एका सकाळी तुटला. गिरीजच्या वळणावर. जितेश चालवत असताना.

फेबियन त्या दिवशी घरीच होता. गाडी पाय ओढत अंगणात शिरली तेव्हा तो पायरीवर उभा होता. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. "चालवलीसही तूच आणि बसवलासही तूच," एवढंच म्हणाला आणि आत गेला.

मी मात्र जास्तच गोंधळले. माझ्या डब्यांच्या हिशेबाने उरली होती ती फक्त रात्रीची जागा. पण अंगणात उभी असलेली गाडी, तिचं इंजिन बंद, तिचा पट्टा कसा वितळेल? उंदीर असतील तर कुरतडलेलं दिसलं असतं. दव पडतं खरं, पण पाण्याने रबर वितळत नाही. कार्मिन म्हणाली, नजर लागली असेल, फादरांना पुन्हा बोलावू. मी इतकी गोंधळले होते की तेही मला काही क्षण पटलं.

जितेशने तिथल्या तिथे आणखी एक पट्टा बसवला. हात धुतले. माझ्याजवळ आला.

"टीचर, एक तारखेपासून गोदामात जातोय. हो म्हणून सांगून टाकतो उद्या."

"जितेश, अजून कळलेलं नाही आपल्याला काय होतंय ते."

"तेच ना. मला कळायला हवं होतं. माझं काम आहे ते."

तो मोटारसायकलवर बसून निघून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी परडी घेऊन प्लासिडभाऊंच्या वाडीत गेले. देवळातल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, वेदीसाठी मोगरा मी त्यांच्याकडूनच नेते. गवत दवाने ओलं होतं. गाडीचं बॉनेट उघडं होतं आणि प्लासिडभाऊ आत वाकले होते.

"एस्थरबाय, जरा थांबा हां," ते मान वर न करता म्हणाले. "गाडीला राळ लावतो आनि मग मोगरा देतो."

"काय लावता?"

"राळ." त्यांनी हात पुढे केला. तळव्यावर पिवळट, काचेसारखा खडा. "पट्ट्याला. आतल्या बाजूने घासायची. मग घसरत नाय."

मी परडी खाली ठेवली. पट्ट्यावर चालणारा जुना पंप त्यांच्याकडे कित्येक वर्षं होता. पट्टा घसरून किंचाळायला लागला की त्यावर राळेचा खडा घासायचा, म्हणजे तो चाकाला धरून राहतो. गिरणीवालेही तेच करायचे. आमच्याकडच्या कोणत्याही शेतकऱ्याला हे सांगावं लागत नाही.

"कधीपासून लावताय?"

"पहिल्यापासून. गाडी जितेशकडून आली ना, दुसऱ्याच दिवशी सकाळी फेबियनने चालू केली आनि बॅग आनायला आत गेला. आत मिक्सर चालू होता, त्याला काय ऐकू आलं नाय. पन मी इथेच होतो. पट्टा असा किंचाळला! डुकराचं पिल्लू धरल्यासारखा. मग आपोआप थांबला. मी म्हटलं, हे फेबियनने ऐकलं तर त्या पोराचं काय खरं नाय. आधीच त्या हायवेवाल्यांनी त्याचं डोकं फिरवलेलं. म्हनून मी सकाळी लवकर उठून लावून ठेवतो. पुन्हा एकदा तरी ओरडला काय? नाय." ते समाधानाने हसले. "आनि जितेश स्वतः चालवायला यायचा ना, तेव्हा तर जरा जास्तच लावायचो. म्हटलं, त्याच्या हातात तरी नको ओरडायला."

मी तिथल्या दगडावर बसले. हा माणूस रोज पहाटे उठून जितेशला वाचवत होता, आणि त्यानेच जितेश बुडत होता. आम्ही अख्खा महिना चूक शोधत होतो आणि ह्या माणसाने काही लपवलंही नव्हतं. आम्ही उंदरांचा विचार केला, नजरेचा केला, ह्यांना मात्र कोणी एका शब्दाने विचारलं नाही.

"प्लासिडभाऊ, हा पट्टा तुमच्या पंपाच्या पट्ट्यासारखा सपाट नाही. ह्याला आत बारीक खाचा आहेत. त्या खाचा चाकाच्या खाचांत बसतात. राळ त्यांत भरते, तिच्यावर रस्त्याची धूळ बसते, खाचा बुजतात, मग पट्टा चाकावर चढतो आणि उडतो."

ते माझ्याकडे बघत राहिले. मग गाडीकडे. मग हातातल्या खड्याकडे.

"म्हनजे ते रबर वितळत होतं..."

"ते रबर नव्हतं."

"माझी राळ." ते हळूच म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पोरगा नोकरी धरतोय, ती ह्याच्यासाठी?"

"हो."

"फेबियनला सांगू नका. म्हनजे, मीच सांगेन. पन आधी जितेशला सांगतो. चला."

"आत्ता? मोगरा?"

"देवाला आज उशिरा चालेल."

आम्ही रिक्षा केली. वाटेत ते म्हणाले, "एस्थरबाय, मी त्याला शहाळं द्यायचो तेव्हा त्याला काय वाटत असेल हो?"

कामणला जितेश हत्यारं पुसून एका खोक्यात भरत होता. आम्हांला बघून उभा राहिला. प्लासिडभाऊंनी काही प्रस्तावना केली नाही. खडा त्याच्या हातात दिला आणि सगळं सांगितलं, पिल्लाच्या किंचाळण्यासकट.

मला वाटलं, जितेश चिडेल. नाहीतर सुटल्यासारखा हसेल. त्याने दोन्ही केलं नाही. तो खडा बोटांत फिरवत राहिला आणि त्याच्या कपाळावर आठी पडली.

"अंकल, पण तो ओरडत का होता?"

"काय?"

"राळ नंतर आली. आधी पट्टा ओरडला. नवा पट्टा, माझ्या हातचा, दुसऱ्याच दिवशी. का ओरडला?"

"सकाळी ओरडतो. दव असतं ना."

"इथे कधीच नाही ओरडला." त्याने वर पत्र्याच्या शेडकडे पाहिलं. "इथे सुकं असतं." मग त्याने फोन काढला. "फेबियन, गाडी घेऊन ये. आत्ताच्या आत्ता. आणि तुझे पप्पा इथेच आहेत, शोधत बसू नकोस."

फेबियन आला तो रागातच. उतरल्या उतरल्या म्हणाला, "आता काय? आणि पप्पा, तुम्ही इथे काय करताय?"

"मी तुझ्या गाडीला रोज राळ लावत होतो," प्लासिडभाऊ म्हणाले. "म्हनून पट्टे उडत होते. जितेशची काय चूक नाय."

"राळ?" फेबियनने माझ्याकडे पाहिलं, मग जितेशकडे. "राळ म्हणजे काय?"

"थांबा, अंकल," जितेश बॉनेट उघडत म्हणाला. "माझी चूक नाही असं इतक्यात म्हणू नका."

त्याने राळेचा पट्टा काढला, चाकं पेट्रोलने धुतली, त्याच मापाचा कोरा पट्टा चढवला आणि गाडी चालू केली. काही आवाज नाही. मग त्याने काच पुसायची पाण्याची बाटली घेतली आणि फिरत्या पट्ट्यावर पाण्याचा फवारा मारला.

गाडी किंचाळली. रस्त्यापलीकडचे हमालसुद्धा वळून बघायला लागले.

"हाच!" प्लासिडभाऊ ओरडले. "हेच ते डुकराचं पिल्लू!"

जितेशने गाडी बंद केली. ताण देणारं जे छोटं चाक पट्ट्याला दाबून धरतं, तिथे त्याने बोट ठेवलं आणि तसाच उभा राहिला. ते चाक आपल्या जागेच्या अगदी टोकाला जाऊन टेकलं होतं. आणखी दाबायला त्याला जागाच नव्हती.

"टीचर," तो म्हणाला, "मी चाक लहान केलं."

"हो."

"लहान चाकाला लहान पट्टा लागतो."

मी मान हलवली. मुलांना मी हे दोऱ्याने दाखवते. दोन वाट्यांभोवती दोरा घट्ट गुंडाळायचा, मग एक वाटी काढून तिथे लहान वाटी ठेवायची. दोरा सैल पडतो.

"मी कंपन्या बदलल्या," जितेश म्हणाला. "प्रत्येक वेळी. माप एकदाही बदललं नाही. जुन्या पट्ट्यावरचा नंबर वाचून मागवत राहिलो. सुक्यात तो कसाबसा धरायचा. ओल्यात घसरायचा. अंकलनी राळ लावली नसती तर दुसऱ्याच दिवशी फेबियन मला शिव्या देत आला असता आणि मला दुसऱ्याच दिवशी कळलं असतं."

"म्हणजे चूक तुझी?" फेबियनने विचारलं.

"आवाज माझा. पट्टे उडवले अंकलनी."

"आनि मला बोलू दिलं नाय ह्याने," प्लासिडभाऊ फेबियनकडे बोट दाखवून म्हणाले. "त्या रविवारी मी सांगतच होतो, पंपाच्या पट्ट्याला मी काय लावतो ते."

"अहो पप्पा, म्हणजे आता माझी चूक?"

"आणि हायवेवाले?" मी विचारलं. मला खरंच कळत नव्हतं.

"त्यांचा ह्यात काही संबंध नाही, टीचर," जितेश म्हणाला.

"असं कसं? सुरुवात त्यांनीच केली!" फेबियन डोक्याला हात लावून गाडीच्या दाराला टेकला. "मग मी ओरडू कोणावर?"

"माझ्यावर ओरड," प्लासिडभाऊ म्हणाले.

"रांगेत उभे राहा, अंकल. माझा नंबर आधी आहे."

मग प्लासिडभाऊच आधी हसले, आणि हसता हसता त्यांनी डोळे पुसले. फेबियनने त्यांच्याकडे पाहिलं आणि त्यांना हाताला धरून गाडीच्या गादीवर बसवलं. त्या गाडीत ते त्याआधी कधी बसलेच नव्हते. माती लागेल म्हणायचे.

जितेशने खोक्यातून मोजायची टेप काढली. ती चाकांवर वळेना. मग सुतळी काढली, ती चाकांवरून फिरवली, गाठ मारली, काढली, मोजली, पुन्हा फिरवली. मी ह्या मुलाला चुकलेल्या गणिताची पानं फाडताना पाहिलं होतं. चुकलेली पायरी शोधून तिच्यापासून पुढे गणित करताना मी त्याला तेव्हा पहिल्यांदा पाहत होते. चेहरा तसाच गोंधळलेला होता, पण हात थांबत नव्हते.

बाकावर ठेवलेला त्याचा फोन वाजायला लागला.

"टीचर, जरा घेता का? माझे हात बरबटलेत. गोदामाचे साहेब असतील."

"काय सांगू त्यांना?"

तो सुतळी दातांत धरून काहीतरी म्हणाला, ते मला समजलं नाही. मी फोन कानाला लावला. पलीकडचे गृहस्थ सभ्य होते. त्यांनी विचारलं, जितेश आहे का, आज तो उत्तर देणार होता.

"आहे, पण कामात आहे," मी म्हटलं.

"मोकळा कधी होईल?"

मी पाहिलं. तो बॉनेटखाली पार खांद्यापर्यंत शिरला होता. मागे गाडीत बापलेकांचं पुन्हा जुंपलं होतं, राळेबद्दल आधी कोणी कोणाला विचारायला हवं होतं ह्यावरून.

"मला नाही वाटत तो मोकळा होईल," मी म्हटलं. "तुम्ही दुसरा माणूस बघा."

आतून जितेशचा आवाज आला, "टीचर, आखूड पट्टा मिळेल का हो आज सोपाऱ्याला?" आणि मी, जिला ह्यातलं काही कळत नाही, म्हटलं, "विचारून बघू."